चिमूटभर ओव्हनमध्ये, बाकीचा फ्रीजमध्ये

थोरलीला विचाराल तर ती साफ नाकबूल करेल. म्हणेल, मी कशाला जळू, माझी सख्खी पाठची बहीण आहे ती, मीच तर तिला या प्रयोगशाळेत आणली. आणली, हे खरं आहे. सरांच्या मागे लागून, त्यांचं डोकं खाऊन आणली. आणि आणल्यापासून थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलं नाही, हेही तितकंच खरं आहे. सख्खी म्हणूनच जास्त दुखतं. परक्याचं कोण एवढं मनाला लावून घेतो?

काम दोघींचं एकच. कापणीनंतर शेतात उरलेलं काड घ्यायचं आणि त्यातून साखर काढायची. ऐकायला जादू वाटते, पण काडात साखर असतेच, चांगली भरपूर असते. फक्त ती मोकळी नसते. झाडाच्या अंगात एक चिवट गोंद असतो, लिग्निन म्हणतात त्याला. तो साखरेच्या धाग्यांना असा धरून बसतो की ते धागे तोडणाऱ्या एन्झाइमला आत शिरायला फटच सापडत नाही. आधी तो गोंद सोडवायचा, मग एन्झाइम घालायचं, मग साखर सुटते. पूर्वी लोक त्यासाठी कडक आम्ल ओतायचे आणि उरलेलं घाण पाणी नाल्यात सोडून हात झटकायचे. सरांना त्याचा भारी तिटकारा. आपल्या मोरीतून जे पाणी बाहेर जाईल त्यात मासा जगला पाहिजे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते, पण गोष्ट खरी होती.

थोरलीने त्यासाठी बुरशी धरली. मागच्या आवारात एक ओंडका कुजत पडला होता, त्यावर पांढरी बुरशी आली होती. ती तिने खरवडून आणली आणि मग तिचीच होऊन बसली. गरम खोलीत काचेच्या बरण्यांच्या रांगा, बरणीत ओलं काड, काडावर कापसासारखी बुरशी. ना आम्ल, ना जाळ. बुरशी आपली निवांत गोंद खात बसायची. एका बरणीला महिना उलटून जायचा. आणि खोटं कशाला बोला, गोंद खाता खाता ती थोडी साखरही मटकावायची, राहण्याचं भाडं घेतल्यासारखी. थोरली त्याकडे काणाडोळा करायची. रोज सकाळी ती आधी त्या खोलीत जायची, ओल बघायची, हवा बघायची, एखादी बरणी हिरवी पडली तर दिवसभर जेवायची नाही. प्रयोगशाळेत सगळे त्या बरण्यांना थोरलीची पोरं म्हणत. तिला ते मनातून आवडायचं.

आणि धाकटीने काय केलं? दूध नासतं तेव्हा जे आंबट तयार होतं, ते आम्ल घेतलं. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात तो एक साधा क्षार घेतला. दोन्ही एकत्र करून तापवले, तर मधासारखं दाट पाणी झालं. त्यात काड बुडवलं, मंद आचेवर ठेवलं, आणि दुपारच्या डब्याआधी गोंद सुटून पाण्यात! पाणी गाळून पुन्हा वापरायचं, काही फेकायचं नाही, कशाचा वास नाही. खाली राहिला तो मऊ, ओला, पांढुरका लगदा. एन्झाइम त्यात असं शिरलं की जणू दार उघडंच ठेवलं होतं. त्या पाण्याला सगळे धाकटीचं सरबत म्हणायला लागले. सरांनी तर ते नाव पाहुण्यांसमोरही घेतलं.

दुपारच्या डब्याआधी! थोरलीचा महिना आणि हिची एक सकाळ. थोरलीने तोंडाने शाबासकी दिली, पाठीवरून हातही फिरवला, आणि गरम खोलीत जाऊन बरण्यांकडे बघत उभी राहिली. तिच्या अंगाचा नुसता तीळपापड झाला होता. ज्या पोरीला आपण तराजूवर वजन कसं करायचं ते शिकवलं, ती काल आली आणि आज आपल्याला शिकवणार? आपण एवढी वर्षं काय झोपा काढल्या?

शिकवलं मात्र खरोखर तिनेच होतं. अगदी पहिल्या आठवड्यात तिने धाकटीला समोर उभी करून या कामातली सगळ्यात मोठी गोम सांगितली होती. गोंद सोडवलेल्या काडाचा ओला लगदा असतो ना, तो फुललेला असतो, त्याला बारीक बारीक भोकं असतात. तो जर वाळवलास तर ती भोकं मिटतात, आणि मग वरून घागरभर पाणी ओतलंस तरी उघडत नाहीत. भिजलेला कागद वाळून पुठ्ठा होतो, तसं. मग त्यात किती पाणी आणि किती माल हे कळणार कसं? तर एक चिमूट घ्यायची, ती वाळवून वजन करायचं, आणि त्यावरून बाकीच्याचा हिशेब बांधायचा. "चिमूटभर ओव्हनमध्ये, बाकीचा फ्रीजमध्ये," असं थोरली तिला घोकायला लावायची. धाकटी शाळेतल्यासारखी मान डोलावत म्हणायची, आणि दोघी हसायच्या. तेव्हा हसायच्या.

थोरलीचं स्वतःचं काड मात्र ती सगळंच्या सगळं वाळवायची, कारण बुरशी मारायला ते लागायचंच आणि तिच्या काडाला ते चालायचंही. बुरशीने गोंद खाल्ला तरी काड काडच राहतं, फुलून लगदा होत नाही.

बरं, हे सगळं प्रयोगशाळेपुरतं असतं तरी तिने गिळलं असतं. पण घरीही तेच. आई थोरलीकडे राहायची. धाकटी आपल्या नवऱ्यासोबत दोन गल्ल्या पलीकडे. आईच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्यातला काढायचा. डोळ्यांत थेंब घालायचे थोरलीने, रात्री उठून पाणी द्यायचं थोरलीने, पथ्याचं करायचं थोरलीने, आणि आई दिवसभर वाट बघायची कुणाची? धाकटीची. धाकटी आली की आईचा चेहरा असा खुलायचा की थोरलीला वाटायचं, मी इथे आहे की भिंत आहे? आणि डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की आई पहिलं वाक्य म्हणायची, धाकटीला निरोप दे, तीच नेईल मला. थोरली निरोप द्यायची. भांडी जरा जास्त आवाज करत घासायची, एवढंच.

अशातच पाकवाले आले. हा माणूस साखरेचा पाक बनवणाऱ्या कारखान्याचा मालक. त्याच्याकडे एक मोठा पोलादी हंडा रिकामा पडून होता, माणूस आत उभा राहील एवढा. तो म्हणाला, तुमची एक पद्धत द्या, वर्षभर माझ्या हंड्यात चालवून बघू. एक म्हणजे एकच. सरांनी खूप विचार केला आणि जाहीर केलं की दोघींचं काड घेऊ, सारख्या वजनाचं घेऊ, सारखं एन्झाइम घालू, आणि ज्यातून साखर जास्त सुटेल त्याला हंडा. मग जाता जाता, अगदी सहज, ते थोरलीला बोलले की बुरशी हरली तर गरम खोली मोकळी करावी लागेल, जागेची फार ओढाताण आहे. थोरली बरं म्हणाली. खोली मोकळी करायची म्हणजे बरण्या फेकायच्या, आणि बरण्या फेकल्या की तिच्याकडे दाखवायला राहिलं काय?

मोजणीच्या आदल्या दिवशी सकाळी धाकटीने आपला लगदा धुऊन, गाळून, स्टीलच्या ट्रेमध्ये पसरला. थोरलीचं काड केव्हाच वाळून डब्यात बंद झालं होतं. तेवढ्यात आईचा फोन आला. आला तोही थोरलीला. डोळ्याला टोचतंय, पाणी येतंय, डॉक्टरांनी लगेच यायला सांगितलंय. थोरलीने ॲप्रन काढायलाही सुरुवात केली. आई म्हणाली, "तू नको गं. धाकटीला पाठव."

थोरलीने ॲप्रनची बटणं परत लावली. धाकटीला सांगितलं तेव्हा आवाज अगदी साधा ठेवला. धाकटीने हातमोजे काढून फेकले, पर्स घेतली, दारापर्यंत गेली आणि परत वळली. ट्रेकडे बोट दाखवून म्हणाली, "ताई, एवढं बघशील? चिमूटभर ओव्हनमध्ये, बाकीचा फ्रीजमध्ये." आणि हसली. जुनं आठवून हसली असावी. थोरलीला ते हसू असं डोळ्यांत खुपलं की तिने नुसती मान हलवली.

खोलीत ती एकटीच होती. ट्रेमधला लगदा पांढरा, मऊ, फुललेला. इतकं सुरेख काम आपल्या हातून कधी झालं नाही, हे तिला दिसत होतं. न दिसायला ती काही आंधळी नव्हती. तिने चिमूट उचलली, बशीत ठेवली, बशी ओव्हनमध्ये ठेवली. दार बंद केलं. मग थोडा वेळ नुसतीच उभी राहिली. आई आता गाडीत बसली असेल. धाकटीच्या खांद्यावर डोकं टेकलं असेल. डॉक्टर काय म्हणाले ते धाकटी तिला समजावून सांगेल, आणि संध्याकाळी आई तेच थोरलीला ऐकवेल, धाकटी म्हणाली, धाकटी म्हणाली.

तिने ओव्हनचं दार उघडलं आणि अख्खा ट्रे आत सरकवला.

वेळ लागला का? नाही. पटकन झालं, आणि झाल्यावर ती आपल्या बरण्या बघायला निघून गेली. दुपारी येऊन तिने ट्रे बाहेर काढला. लगदा पिवळट होऊन आक्रसला होता, कडेला पापुद्रे सुटले होते. तिने तो चुरला, वर मोजून पाणी शिंपडलं, चमच्याने कालवला, आणि डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवला. दिसायला जवळपास तसाच दिसत होता. निघताना तिने हात दोनदा साबणाने धुतले आणि घरी जाऊन आईच्या डोळ्यांत थेंब घातले. आई म्हणाली, धाकटी म्हणाली की काळजीचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटीने डबा उघडला, वजनासाठी थोडा लगदा बाहेर घेतला आणि बोटांत चोळून पाहिला. चोळता चोळता थांबली. पुन्हा चोळला. थोरली तराजूजवळ उभी राहून तिच्या बोटांकडे बघत होती. धाकटीने एकदा वर पाहिलं. मग डबा सरांच्या हातात दिला.

एन्झाइम घातलं, ढवळत ठेवलं, आणि पुढे व्हायचं तेच झालं. धाकटीच्या बाटलीतून साखर सुटली, पण रडतखडत. तिच्या आधीच्या कुठल्याही वेळच्या निम्मीसुद्धा नाही. थोरलीच्या बुरशीने आपली नेहमीची मध्यम साखर दिली आणि तेवढ्यावर बाजी मारली. लोकांनी थोरलीचं अभिनंदन केलं. तिला वाटलं होतं की छान वाटेल. पहिला चहा होईपर्यंत वाटलंही. मग धाकटी आली, तिचा हात हातात घेऊन म्हणाली की ताई, तुझ्या पोरांनी नाव काढलं, आणि थोरलीच्या तोंडचा चहा कडू झाला. जिंकूनही हिच्यासमोर आपलाच हात गार का पडतो, हे तिला कळेना. राग आला. अपराध कसला, राग! हरलीस तर हरल्यासारखी वाग ना, मेली.

सर मात्र कोड्यात पडले होते. दहा वेळा जे चाललं ते अकराव्या वेळी अशी पाठ कशी फिरवेल? त्यांनी धाकटीच्या डब्यात उरलेला लगदा घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि बघता बघता त्यांच्या कपाळावर आठी चढली. दोघींना खोलीत बोलावलं. पाकवाले तिथेच बसले होते, हंड्याची बोलणी करायला आलेले.

सर धाकटीला म्हणाले, "हा लगदा वाळवलाय. धागे बघा, चपटे होऊन मिटलेत सगळे. अहो, पहिल्या वर्षाचं पोरही हे करत नाही."

पाकवाल्यांनी विचारलं की वाळवला म्हणजे काय झालं. सरांनी त्यांना थोडक्यात सांगितलं. पाकवाले भला माणूस, पण धंद्यातला. ते म्हणाले की पद्धत बुरशीची असो की सरबताची, माझा हंडा मी धांदरट माणसाच्या हाती देणार नाही, आज लगदा वाळवला, उद्या झडप बंद करायला विसरेल. सरांनी मान हलवली. ते कष्टी झाले होते. धाकटीवर त्यांचा फार जीव होता, आणि थोरलीला हेही ठाऊक होतं.

"तुम्हीच वाळवलात?" सरांनी विचारलं.

आता ही माझ्याकडे बघेल. आता बोट दाखवेल. दाखव, थोरलीने मनात म्हटलं, दाखव एकदाचं, म्हणजे मलाही तुझा मनापासून राग धरता येईल.

धाकटीने तिच्याकडे पाहिलंच नाही. "हो सर," ती म्हणाली. "आईचा फोन आला, घाईत होते. माझ्याच हातून गेला ट्रे."

थोरली सुटली होती. हंडा तिचा, खोली तिची, बरण्या सुखरूप, आणि जन्मभर कुणाला काही कळायचं नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या डोक्यात जाळ झाला. तिला कळून चुकलं की धाकटीला पहिल्यापासून ठाऊक होतं. बोटांत चोळलं तेव्हाच ठाऊक होतं, आणि हात हातात घेऊन अभिनंदन केलं तेव्हाही. म्हणजे हिने सगळं समजून-उमजून सोडून दिलं? केवढं हे मन! केवढा मोठेपणा! लगदा हिचा सुरेख, आईचं प्रेम हिचं, सरांचा जीव हिच्यावर, आणि आता त्यागही हिनेच करायचा? मग माझ्या वाट्याला राहिलं काय? एक वाईट काम केलं होतं मी, आयुष्यात एक, अगदी माझं म्हणावं असं, तेही ही बया आपल्या नावावर करून घेऊन चालली. आणि मी? मी मरेपर्यंत हिच्या उपकाराखाली वाकून चालायचं, दर सणाला, दर जेवणाला, आणि ही मला कधी बोलूनही दाखवणार नाही. न बोलताच दाखवेल.

"नाही," थोरली म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की पाकवाले दचकले. "ते तिचं नाही सर. ते माझं आहे. ट्रे मी ठेवला ओव्हनमध्ये. चुकून नाही, समजून ठेवला. नंतर पाणी शिंपडलं ते कुणाला कळू नये म्हणून."

सरांना आधी वाटलं की ही धाकटीला वाचवायला खोटं बोलते आहे, थोरली बहीण आहे शेवटी. मग तिचा चेहरा बघून त्यांना ते तसं वाटेनासं झालं. त्यांनी एवढंच विचारलं की का. थोरलीला उत्तर येत होतं, पण पाकवाल्यांसमोर कसं सांगणार की माझी आई दवाखान्यात मला नेत नाही म्हणून? ती म्हणाली, तिचा लगदा माझ्या काडापेक्षा चांगला होता म्हणून. तेही खरंच होतं.

निकाल रद्द झाला. मोजणी पुन्हा घ्यायची ठरली, आणि सरांनी थंड आवाजात सांगितलं की निकाल काहीही लागो, हंड्यावर थोरली जाणार नाही, आणि गरम खोली महिनाअखेर मोकळी करायची. तिने मान हलवली. पाकवाले आपली टोपी शोधत राहिले, ती त्यांच्या हातातच होती.

बाहेर जिन्यात धाकटीने तिला गाठलं. थोरलीला वाटलं, आता रडेल, गळ्यात पडेल. धाकटी रागाने लालबुंद झाली होती.

"गप्प बसता आलं नाही तुला? मी झाकलं होतं ना?"

"म्हणूनच," थोरली म्हणाली.

"म्हणूनच काय? लहानपणापासून सगळं तुझंच वापरलं मी. तुझे फ्रॉक, तुझी पुस्तकं, तुझी सायकल, तुझी नोकरीसुद्धा. एक चूक घेतली तुझी, तर तीही परत मागितलीस?"

थोरलीला ते फ्रॉक आठवले. नवे तिलाच मिळायचे आणि दर वर्षी ते धाकटीच्या अंगावर चढले की जास्त शोभायचे. तेव्हाही पोटात दुखायचं. धाकटीच्याही पोटात दुखत असेल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दोघी जिन्यात उभ्या राहिल्या, एक वरच्या पायरीवर, एक खालच्या. शेवटी धाकटी म्हणाली की बोटांना जे लागलं ते खोटं असेल असं मी स्वतःला समजावत होते, आणि निघून गेली.

संध्याकाळी थोरलीने आईच्या डोळ्यांत थेंब घातले. आई डोळे मिटून पडली होती, गालावरून थेंबाचं पाणी ओघळत होतं. थोरलीने आईला काहीच सांगितलं नव्हतं, पण एवढी वर्षं दातांखाली धरलेलं एक वाक्य त्या दिवशी सुटलं.

"आई, दवाखान्यात जायला तुला धाकटीच का लागते गं? मी चालत नाही?"

आईने डोळे उघडले नाहीत. उघडायचे नव्हतेच, थेंब आत राहायला हवे होते. "तुला कसं बोलवू?" ती म्हणाली. "तुझी ती बुरशी जिवंत असते ना. तिला सोडून आलीस आणि काही झालं तर? धाकटीचं काय, भिजत घातलं, झाकण लावलं की मोकळी. तुझं काम अडवायला माझा जीव होत नाही."

थोरली थेंबांची बाटली हातात धरून बसून राहिली. हसावं की रडावं ते कळेना. सांगायचं होतं की आई, त्या बुरशीला महिना लागतो, एका दुपारीत तिचं काही बिघडत नाही. सांगितलं नाही. बाटलीचं झाकण लावलं आणि आईचा गाल पुसला.

पुढच्या मोजणीसाठी धाकटीने नवं काड सोडवलं. सरांनी सगळ्यांना बजावलं होतं की थोरलीने त्या टेबलाजवळ फिरकायचं नाही, म्हणून ती गरम खोलीत बरण्या धुऊन खोक्यांत भरत होती. दुपारी आईचा फोन आला. दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरवायला डॉक्टरांनी लगेच बोलावलं होतं. थोरलीने हात पुसले. तिच्या बरण्या रिकाम्या झाल्या होत्या, आता तिचं काहीएक अडत नव्हतं. तिने आईला तसं सांगितलं, मी येते म्हणाली. आई ओशाळून म्हणाली की अगं, मी धाकटीला आधीच कळवलंय, ती निघालीही असेल, बोलताना ती मला हसवते बघ, मला सुयांची भीती वाटते.

म्हणजे बुरशीचं कारण एक होतं आणि हेही एक होतं. थोरलीने फोन ठेवला. पोटात तेच जुनं दुखणं, त्याच जागी, तेवढंच.

दारात धाकटी उभी होती. खांद्याला पर्स, दोन्ही हातांत ट्रे. ओला लगदा, पांढरा, फुललेला, मागच्यापेक्षाही सुरेख. जिन्यातल्या त्या दिवसापासून दोघी बोलल्या नव्हत्या. धाकटीने इकडेतिकडे पाहिलं, सर दिसले नाहीत, आणि तिने ट्रे थोरलीपुढे धरला. या वेळी ती हसली नाही.

"चिमूटभर ओव्हनमध्ये," ती म्हणाली.

थोरलीने ट्रे घेतला. जड होता, हाताला गार लागत होता. धाकटी वळली, जिना उतरून गेली, एकदाही मागे न बघता. थोरलीने ट्रेकडे पाहिलं आणि तिला त्या लगद्याचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मग तिने एक चिमूट उचलून बशीत ठेवली, बशी ओव्हनमध्ये ठेवली, बाकीचा लगदा डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवला, आणि फ्रीजसमोर खुर्ची ओढून बसली, धाकटी परत येईपर्यंत.